तुकडी म्हणजे पानावरचा कप्पा नव्हे

प्रति,
मा. प्राचार्य, तसेच ऑनलाइन अध्यापन समितीचे समन्वयक व सर्व सदस्य,
आमचे महाविद्यालय, नागपूर.

विषय : बी.एस्सी. प्रथम वर्षाचे चारही सेक्शन मूडलवर (ऑनलाइन अध्यापनाच्या आपल्या सॉफ्टवेअरवर) एकाच कोर्समध्ये ओतल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

या विषयावर मी दोन अर्ज दिले. पहिला जुलैअखेर, दुसरा पोळ्याच्या आठवड्यात. दोन्हींवर आवकचा शिक्का बसला, दुसऱ्यावर तर ‘पाहून कळवतो’ असा शेराही आला. पुढे काही कळले नाही. तिसरा अर्ज टाइप करायला बसले आणि वाटले, हाही त्याच फायलीत जाणार. त्यापेक्षा सगळ्यांसमोरच लिहावे. कॉलेजचे नाव मुद्दाम घातलेले नाही. आपल्याला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही. मागच्या हिवाळी परीक्षेत मूल्यांकन केंद्रावर पेपर तपासताना शेजारच्या टेबलांवरून हेच गाऱ्हाणे कानावर येत होते. कॉलेजे वेगळी, रडणे तेच. तेव्हा आमच्याकडे हा प्रकार नव्हता, म्हणून मी नुसती मान हलवत होते.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी भौतिकशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर, यंदा नववे वर्ष. माझ्याकडे क आणि ड हे दोन सेक्शन आहेत, म्हणजे १५६ मुलेमुली, शिवाय प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेस. मला मोजलेल्या तासांचे पैसे मिळतात. वर्गात खडू हातात घेऊन उभी राहिले की तो तास. रात्री दहा वाजता मानेवाड्याला घरी बसून ३१२ नावांच्या यादीतून माझी १५६ वेचत बसले, तर तो तास कुठल्याही बिलात मावत नाही. कायम प्राध्यापकांनाही हा त्रास आहेच, पण ते बोलत नाहीत. मी बोलले तर पुढच्या सत्रात माझे नाव यादीत असेल की नाही, हे मला ठाऊक नाही. तरी बोलते, कारण सप्टेंबरच्या चाचणीत जे झाले ते गिळता येण्यासारखे नाही. त्याकडे येतेच.

२०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बंद झाले तेव्हा आपण सगळेच व्हॉट्सॲपवर शिकवत होतो. वहीच्या पानाचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि मुलांनी अंगठा दाखवला की शिकवून झाले. मग काहींनी गूगल क्लासरूम सुरू केले. तिथे प्रत्येक सेक्शनचा वेगळा क्लास करावा लागे, पण एकच सूचना एकदम चारही क्लासना पाठवता येई, त्यामुळे निभावले. त्यानंतर कॉलेजने स्वतःच्या सर्व्हरवर मूडल बसवले. निर्णय चांगला होता, हे मी तेव्हाही म्हटले होते. मूडल काही काल आलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केले, पहिली पूर्ण आवृत्ती २००२ च्या ऑगस्टमध्ये आली, आणि ते मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याच्या परवान्याला पैसे लागत नाहीत. मी पुढे जे मागणार आहे त्यातले काहीही विकत आणायचे नाही. सगळे आपल्याच सर्व्हरवर पडून आहे.

गेल्या वर्षापर्यंत एकेका विषयाचे चार कोर्स होते : भौतिकशास्त्र अ, ब, क आणि ड. त्याचाही वैताग होताच. एकच पीडीएफ चार ठिकाणी चढवायची. एका सूत्रात चूक सापडली, ती अ, ब आणि क मध्ये सुधारली आणि ड मध्ये विसरले. ड ची मुले तेच चुकीचे सूत्र परीक्षेत लिहून आली. त्या वेळी मीच समितीला म्हटले होते की विषयाचा कोर्स एकच असावा. म्हणून यंदा आपण एकत्र केले याला माझी हरकत नाही, उलट ते योग्यच आहे. हरकत आहे ती अर्ध्यावर सोडण्याला.

जूनमध्ये परिपत्रक आले. त्यातली शेवटची ओळ मला पाठ आहे : ‘प्रत्येक विषयाचा एकच कोर्स ठेवून त्यात सेक्शन तयार करावेत.’ ही ओळ कॉम्प्युटर लॅबमध्ये पोचली. तिथल्या असिस्टंटने भौतिकशास्त्राचा कोर्स उघडला, तर पानावर ‘ॲड सेक्शन’ असे बटण होतेच. त्याने ते चार वेळा दाबले. चार कप्पे तयार झाले, त्यांना नावे दिली : सेक्शन अ, सेक्शन ब, सेक्शन क, सेक्शन ड. परिपत्रकाची अंमलबजावणी झाल्याचा अहवाल त्याच संध्याकाळी वर गेला.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे लिहून दिले तेच त्याने केले. गोची शब्दात आहे. मूडलमध्ये सेक्शन म्हणजे पानाचा भाग, पुस्तकातल्या प्रकरणासारखा. तिथे ‘घटक १ : मापन आणि त्रुटी’, ‘घटक २ : गतीचे नियम’ असे यायला हवे. आपण कॉलेजात ज्याला सेक्शन म्हणतो, शाळेत ज्याला तुकडी म्हणायचो, ती माणसांची वाटणी मूडलमध्ये ‘ग्रुप’ या नावाने होते आणि ती पार्टिसिपंट्सच्या पानावरून करायची असते. आपण केले काय, तर वह्यांच्या कपाटाला चार खण पाडले आणि त्यांवर चार तुकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मुले सगळी एकाच खोलीत, आणि खणांना दारे नाहीत. कोणीही कुठलाही खण उघडतो, कुठल्याही खणात वही टाकतो.

समितीतल्या एकाने जरी त्या आठवड्यात विद्यार्थ्याच्या लॉगिनने, स्वतःच्या मोबाइलवर, ते पान उघडून पाहिले असते तरी हे पत्र लिहावे लागले नसते. मी पाहिले. क चा खण गाठायला अंगठा एकवीस वेळा वर सरकवावा लागतो. वाटेत अ आणि ब चे खण लागतात, आणि त्यांतल्या असाइनमेंटचेही नाव तेच : ‘असाइनमेंट १ – व्हर्नियर’. सकाळी सहाच्या बसमध्ये उभ्याने फोन धरलेले मूल पहिल्या ‘व्हर्नियर’वर थांबणार नाही तर काय करणार?

“मॅडम, मी तर टाकली होती न असाइनमेंट. तुम्हाले दिसून नाही राहिली का?”

नव्हतीच दिसत. ती अ च्या खणात पडली होती. अ शिकवणाऱ्या सरांनी ‘हा आपला नाही’ म्हणून तशीच सोडली, आणि माझ्या खणात हे विचारणाऱ्या मुलाच्या नावासमोर रेघ. हे एकट्याचे नाही. पहिल्याच असाइनमेंटला क आणि ड मिळून एकोणतीस वह्या दुसऱ्यांच्या घरी निघाल्या. त्या शोधायला मला आणि त्या सरांना एक अख्खा रविवार गेला. यंदा मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्यानंतर रोगराई ‘घेऊन जा’ म्हणत पुतळ्याची मिरवणूक निघते त्या दिवशी, क च्या कोणीतरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, ‘मूडलचे चार डबे घेऊन जा गे मारबत!’ मी शिक्षिका म्हणून रागवायला हवे होते. मी हसले, आणि मग वाईट वाटले, कारण त्यांना ती यंत्रणा रोगराईच्या रांगेत बसवण्याइतकी नकोशी झाली होती.

आता एक चूक माझी. ऑगस्टमध्ये एका रात्री मला ताप भरला. क चा सकाळचा तास घेता येणार नव्हता, म्हणून अनाउन्समेंटमध्ये लिहिले, ‘उद्या सकाळचा तास होणार नाही.’ गोळी घेतली, झोपले. अनाउन्समेंटचा मेल कोर्समधल्या प्रत्येकाला जातो आणि आपल्या कोर्समध्ये प्रत्येक म्हणजे ३१२. मूडल मेल लगेच धाडत नाही. लिहिलेले दुरुस्त करायला साधारण अर्धा तास देते. तो अर्धा तास मी झोपेत घालवला. दुसऱ्या दिवशी अ आणि ब चे वर्ग निम्म्याहून जास्त रिकामे. अ च्या सरांनी फळ्यावर तारीख लिहिली आणि सोळा जणांसमोर उभे राहिले. त्यांनी मला काही म्हटले नाही, त्याचेच जास्त लागले. मी ‘क सेक्शनसाठी’ असे लिहायला हवे होते, कबूल. पण ग्रुप असते तर सूचना टाकताना वर ‘क’ निवडले असते, ती ७८ जणांनाच गेली असती, आणि तापात राहून गेलेल्या दोन शब्दांची किंमत दीडशे मुलांनी मोजली नसती. परीक्षा विभागाने मला लेखी खुलासा मागितला होता. मी दिला. त्यात हेच लिहिले होते.

आणि आता चाचणी.

सप्टेंबरची ऑनलाइन चाचणी समितीने मध्यवर्ती पद्धतीने लावली. सकाळी ११ ला उघडणार, ११.४० ला बंद, एकच प्रयत्न, चारही सेक्शनना एकच वेळ. त्याच वेळेला, आपणच काढलेल्या टाइमटेबलप्रमाणे, क च्या दोन बॅचेस प्रयोगशाळेत होत्या. प्रयोगशाळेत फोन बॅगेत आणि बॅगा बाहेरच्या फळीवर, हा नियमही आपलाच. मुले फ्लायव्हीलच्या दोऱ्या गुंडाळत होती आणि बाहेर फळीवर त्यांची परीक्षा सुरू होऊन संपली. मला ११.२० ला कळले. मी सगळ्यांना फोन काढायला सांगितले. काहींचे लॉगिन झाले, काहींना नेटवर्क मिळाले नाही, काहींनी दहा मिनिटांत जमेल तेवढे ठोकले. देवलापारहून येणारा एक मुलगा त्या दिवशी बॅचला नव्हता, तो बसमध्ये होता आणि पेंचच्या जंगलपट्ट्यात जिथे फोन मुका होतो तिथे त्याची चाळीस मिनिटे संपली. एकूण सत्तावीस जणांसमोर शून्य आले. गैरहजर असे नव्हे, शून्य, कारण वेळ संपली की न सोडवलेल्या चाचणीला शून्य लिहायचे असे ठरले होते.

मी समन्वयकांना भेटले. उत्तर मिळाले, ‘वेळेवर हजर राहणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी आहे.’ सर, ते हजर होते. तुमच्याच प्रयोगशाळेत, तुमच्याच टाइमटेबलप्रमाणे, हजेरीपटावर सही करून हजर होते. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहण्याची सोय अजून भौतिकशास्त्रात नाही. विषय माझा आहे, मला कल्पना आहे.

मूडलमध्ये यावर एक सरळ उपाय आहे. चाचणी एकच ठेवायची आणि ग्रुपनुसार वेळ बदलायची. त्याला ‘ग्रुप ओव्हरराइड’ म्हणतात. अ आणि ब ला ११ वाजता, क ला दुपारी २ ला, ड ला ३ ला. प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न येतील अशी सोयही त्यातच आहे, म्हणजे ‘दुपारच्यांना प्रश्न आधीच कळतील’ हीही भीती उरत नाही. पण ओव्हरराइड ग्रुपला द्यायचा असतो आणि आपल्याकडे ग्रुपच नाहीत. एकेका विद्यार्थ्याला देता येतो, तर तो मला देता येत नाही, कारण तासिका तत्त्वावरच्या आम्हा सगळ्यांना आपण ‘नॉन-एडिटिंग टीचर’ करून ठेवले आहे. म्हणजे आम्ही गुण द्यायचे, पण तारीख, वेळ, ग्रुप, काही हलवायचे नाही. वर्गात ७८ पोरांची जबाबदारी आमच्यावर टाकायला आपण कचरत नाही. पडद्यावर मात्र एका चाचणीची वेळ दोन तासांनी पुढे न्यायचा भरवसा नाही.

काही लहान गोष्टी भरभर सांगते. चारही सेक्शनचे रोल नंबर १ पासून सुरू होतात, म्हणून रोल नंबर १४ चार जण आहेत, आणि एकाच नावाच्या तर अकरा मुली आहेत. गुण भरताना नाव, रोल नंबर आणि मनातला चेहरा असे तिन्ही जुळवावे लागतात, तरी एकदा चुकले आणि एकीचे गुण दुसरीला गेले. सापडले ते त्या दुसरीनेच येऊन सांगितल्यामुळे. ऑफिसात सेक्शन बदलून मिळतो, कारण बसची वेळ, कारण मैत्रीण, कारण सकाळी काम. तो बदल मूडलवर कोणीच करत नाही. हजेरीपटावर ड मध्ये असलेला मुलगा गेले दोन महिने ब च्या सूचना पाळतो आहे.

एक गोष्ट लहान नाही. एकत्र कोर्समुळे सहभागींची यादी प्रत्येकाला ३१२ नावांची दिसते, फोटोसकट, आणि मूडलच्या मूळ सेटिंगप्रमाणे कोर्समधल्या सोबत्यांना एकमेकांचा ईमेलही दिसू शकतो, निरोपही पाठवता येतो. दिवाळीआधी माझ्या ड सेक्शनची एक विद्यार्थिनी जिन्याखाली थांबली होती. तिने फोन दाखवला. जो मुलगा तिने कधी पाहिलेला नाही, तो तिला रोज रात्री ‘हाय’ लिहीत होता. पुढे जे होते ते इथे लिहीत नाही. तिने विचारले, “मॅडम, माझं नाव यातून काढता येते का?” नाव काढले तर असाइनमेंटही जाते, असे तिला सांगावे लागले. ग्रुप ‘सेपरेट’ ठेवले की विद्यार्थ्याला यादीत फक्त आपली तुकडी दिसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याची कलमे इथे उगाळत नाही. पण ज्या मुलीच्या बापाने बुटीबोरीला कारखान्यातली पाळी सांभाळून तिला कॉलेजात घातले, त्याच्यासमोर ‘ते मूळ सेटिंग होते’ असे मला म्हणता येणार नाही.

आपले आक्षेपही मी ऐकले आहेत, ते टाळत नाही. ग्रुप केले तर समितीला एकत्र अहवाल मिळणार नाही, असे सांगण्यात आले. मिळतो. गुणपत्रकावर ‘सर्व सहभागी’ निवडले की ३१२ ची यादी, ‘क’ निवडले की ७८ ची. उतरवून घ्यायचे बटण दोन्हींना तेच. सर्व्हरवर ताण येईल, असेही म्हटले गेले. ग्रुप म्हणजे डेटाबेसमधल्या काही ओळी. ताण येतो तो शंभर एमबीच्या व्हिडिओंनी, आणि ते चढवणारे आम्ही तासिकावाले नाही. तिसरा आक्षेप स्टाफ रूममध्ये हळू आवाजात होतो, तो इथे मोठ्याने लिहिते : एका कोर्समध्ये ३१२ विद्यार्थी दिसले की नॅकच्या (कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत आकडा भरगच्च दिसतो. दिसू द्या. ग्रुप केल्यावरही कोर्समधली संख्या ३१२ च राहते.

आणि ही वाटणी येत्या वर्षांत सोपी होणार नाही, किचकटच होणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता एकाच सेक्शनमध्ये भौतिकशास्त्र मेजर (मुख्य विषय) असलेला आणि मायनर (दुय्यम विषय) असलेला शेजारी बसतात; ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) तिसऱ्याच शाखेचे असते, प्रॅक्टिकलची बॅच चौथीच. पूर्वी एका मुलाचा एकच पत्ता होता, क सेक्शन, रोल नंबर १४. आता त्याचे चार पत्ते आहेत. मूडलमध्ये एक विद्यार्थी अनेक ग्रुपांत असू शकतो आणि ग्रुपांचे गठ्ठे बांधता येतात, त्यांना ‘ग्रुपिंग’ म्हणतात. एक गठ्ठा ‘सेक्शन’ नावाचा, त्यात अ ते ड. दुसरा ‘प्रॅक्टिकल बॅचेस’, त्यात अ१ पासून ड४ पर्यंत सोळा. व्हर्नियरची असाइनमेंट पहिल्या गठ्ठ्याला जोडायची, प्रयोगवहीची दुसऱ्या. हे गठ्ठे न बांधता नुसते वीस ग्रुप केले तर नवा गोंधळ होईल, याचीही आताच नोंद करून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी ‘तुम्हीच तर ग्रुप मागितले होते’ असे ऐकावे लागेल.

माझ्या मागण्या अशा :

१. क सेक्शनच्या त्या सत्तावीस विद्यार्थ्यांची चाचणी पुन्हा घ्यावी आणि अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी ते शून्य पुसावे. बाकी सगळे थांबले तरी चालेल, हे थांबू नये.

२. दुसरे सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक विषयाच्या कोर्समध्ये सेक्शनवार ग्रुप करावेत आणि ते ‘सेपरेट’ ठेवावेत. पानावरचे चार खण काढून तिथे अभ्यासक्रमाचे घटक यावेत; असाइनमेंट एकदाच यावी. ऑफिसकडे प्रवेशाची एक्सेल यादी आहे. तिच्यात लॉगिनच्या रकान्याशेजारी कोर्सचा आणि ग्रुपचा रकाना जोडून सीएसव्ही फाइल केली की ॲडमिन ती एका फेरीत चढवू शकतो. ३१२ नावे हाताने ओढायची नाहीत.

३. रोल नंबर सेक्शनसह लिहावा, क-०१४ असा, हजेरीपटावर आणि मूडलवर एकच.

४. ज्याच्याकडे सेक्शन आहे त्याला, मग तो कायम असो वा तासिकेवर, आपल्या कोर्समध्ये ग्रुप सांभाळायचा आणि चाचणीची वेळ बदलायचा अधिकार द्यावा. पूर्ण ‘टीचर’ करायचे नसेल तर एवढ्या दोन परवानग्या असलेली वेगळी भूमिका ॲडमिनला बनवता येते. कोणी काय बदलले याची नोंद मूडल ठेवतेच. गैरवापर झाला तर नावानिशी सापडेल.

५. ऑफिसात सेक्शन बदलला की त्याच दिवशी मूडलवर बदलावा. कोहॉर्ट (ॲडमिनने ठेवलेली विद्यार्थ्यांची सामाईक यादी) लावून हे आपोआपही होते. फक्त तसे करताना एक सेटिंग तपासावे, कोहॉर्टमधून नाव निघाले की विद्यार्थ्याची नोंदणी स्थगित व्हावी, रद्द होऊ नये. रद्द झाली तर त्याचे आधीचे गुण पानावरून दिसेनासे होतात आणि मग आणखी एक रविवार जातो.

६. ऑनलाइन समितीत प्रत्यक्ष सेक्शन शिकवणारी निदान दोन माणसे आणि एक विद्यार्थिनी असावी. पुढचे परिपत्रक काढण्याआधी तिच्या मोबाइलवर ते पान उघडून पाहावे.

यापैकी दुसरी मागणी किती वेळ खाते ते मी करून पाहिले आहे. घरच्या लॅपटॉपवर मूडल बसवले, ३१२ खोटी नावे घातली, चार सेक्शन आणि सोळा बॅचेस पाडल्या, गठ्ठे बांधले. यादी नीट करण्यासह एक तास पन्नास मिनिटे लागली, त्यात मधला चहा धरलेला आहे.

सोमवारी आणि गुरुवारी दुपारी २ ते ४ मला तास नसतो, मी कॉलेजातच असते. ऑफिसने यादी द्यावी आणि ॲडमिनने शेजारी बसावे. भौतिकशास्त्राचा कोर्स मी त्याच दुपारी लावून देते आणि दुसऱ्या विभागांतले कोणी बघायला आले तर त्यांनाही दाखवते. त्या दोन तासांची नोंद माझ्या तासिकांच्या बिलात व्हावी, एवढी विनंती.

आपली,
भौतिकशास्त्र विभागातील तासिका तत्त्वावरील एक शिक्षिका,
सेक्शन क आणि ड, नागपूर